वेळेवर पोचलं पाह्यजे

चार माणसं फुकटच्या कामाला एकत्र बसली की काम कमी होतं आणि किस्से जास्त साठतात. आमच्याकडे साठलेले किस्से दिवेलागणीनंतर सांगायचे नाहीत, असा माझ्या बायकोचा हुकूम आहे. म्हणून भरदुपारी सांगतो. ऐका!

मी गजानन. मालेगावात झेरॉक्सचं दुकान आहे. मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आम्ही रक्तदान आणि अवयवदानाच्या एका ॲपचं काम करतो. ॲप ओपन सोर्स आहे. म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, मालक कोणी नाही, पगार कोणाला नाही. गावजेवणाच्या भाजीसारखं, ज्याला जमेल त्यानं पळी हलवायची! प्रवीण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, कोड तो लिहितो. सविताताई दवाखान्यात नेत्रदानाचं काम पाहतात. मी गावांच्या याद्या भरतो, मराठी मजकूर लिहितो आणि शिव्या खातो.

पहिला किस्सा हसण्यासारखा नाही. किन्हीराजाचे बापू, रिटायर्ड पोस्टमन. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. एका सकाळी त्या गेल्या. बापूंनी दहा मिनिटांत ॲपवर कळवलं. आणि मी? मी साळ्याच्या लग्नात पंगतीत वाढत होतो, फोन सायलेंटवर! डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. आम्ही पोचलो तेव्हा आठ तास होऊन गेले होते.

बापू रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तिची लई इच्छा होती, पोरहो. आता माहे तरी वाया जाऊ देऊ नका." रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून मी फोन सायलेंट करत नाही.

*

ज्या दात्यानं लोकेशन दिलं नाही, त्याचा ठिपका आमचं ॲप नकाशावर तालुक्याच्या मधोमध टाकायचं. हे आम्हालाच माहीत नव्हतं!

एके दिवशी प्रवीण म्हणाला, "गजूभाऊ, एकेचाळीस दाते एकाच जागी उभे हायेत. शिबिर हाय का कुठं?"

नकाशा मोठा करून पाहिला. टिनाचं शेड, बाजूला नाला. स्मशानभूमी! मी म्हटलं, जाऊ दे. पण प्रवीण एक नंबरचा हट्टी. बाराच्या उन्हात मला घेऊन गेला. आदल्या दिवशीची राख अजून तशीच होती. चिटपाखरू नाही. "टेस्ट करून पाहू," म्हणत त्यानं यादीतला एक नंबर लावला.

आमच्या पाठीमागे फोन वाजला.

मी प्रवीणचा दंड घट्ट धरला, खोटं कशाला सांगू? लाकडाच्या ढिगामागून एक माणूस उठला. तिथं सरण रचायचं काम करणारा किसन. "बोला, कोणाले रक्त पाह्यजे?"

प्रवीण त त प प करायला लागला. "नाही, म्हणजे, लोकेशन चुकलं का ते पाहून राह्यलो."

"माहं तं बरोबर हाय," किसन म्हणाला. "मी रोज अठीच असतो. बाकीचे चाळीस यायचे हायेत!"

*

एकदा ॲपवर निरोप आला: मालेगाव, बी निगेटिव्ह, तातडीनं. आमचा गॅरेजवाला अस्लम बी निगेटिव्ह. त्यानं ग्रीसचे हात पुसले न पुसले, गाडी हाणली ती थेट वाशीमला, दवाखान्यातल्या रक्तपेढीत; आमच्या गावात रक्तपेढी नाही. तिथं त्या नावाचा पेशंटच नाही! अस्लमनं तिथूनच मला फोन लावला आणि आईबहिणीवरून सुरू झाला. "मजाक करून राह्यले का भाऊ? गिऱ्हाईक सोडून आलो मी!"

तोवर प्रवीणला चूक सापडली. निरोप नाशिककडच्या मालेगावचा होता, ॲपनं आमच्याकडे पाठवला. मी अस्लमला सॉरी म्हणतोय, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. आत बोलावून राह्यले." बाळंतपणाची एक बाई नुकतीच आणली होती. बी निगेटिव्ह! अस्लमनं रक्त दिलं, बाई वाचली. आता याला योगायोग म्हणा, मी नाही म्हणत नाही.

पण संध्याकाळी त्या दुसऱ्या मालेगावहून ॲपवर मेसेज आला: "तुमचे अस्लमभाई वेळेवर आले, रक्त देऊन चहासुद्धा न घेता गेले. आभारी आहोत."

अस्लमला वाचून दाखवला. त्यानं दोन्ही बाह्या वर सारल्या. दोन्ही हातांवर सुईची खूण होती. मग म्हणाला, "भाऊ, सुई तं एकाच हाताले टोचली होती."

*

मानोऱ्याकडच्या एका तांड्याचे दाते नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दिसायचे. दिवाळी झाली आणि दोन दिवसांत सगळे ठिपके गेले. माणसं ऊसतोडीला गेली होती. एकच ठिपका राहिला. मी फोन लावला.

"सगळे गेले बाप्पा कारखान्यावर," म्हातारा आवाज. "मी हाय अन् कुत्रे हायेत."

"आजी, वय काय तुमचं?"

"असंन ऐंशीच्या वर."

नातवानं तिचं नाव घातलं होतं आणि जाताना जुना फोन तिच्यापाशी ठेवला होता. मी म्हटलं, आजी, पासष्टच्या पुढं रक्त घेत नाहीत, नाव काढावं लागेल.

पलीकडे नुसतं कुत्रं भुंकत होतं. मग ती म्हणाली, "नको काढू रे. पोरगा उसाच्या फडातून रोज थो ठिपका पाह्यते. ठिपका हाय म्हणजे आजी हाय, म्हणते."

आमच्या कोडमध्ये आज एकाच म्हातारीसाठी एक वेगळी ओळ आहे. याच कोडवर काम करणारे बेंगळुरूचे लोक विचारतात, ही कशाला? आम्ही सांगत नाही.

*

आता बापूंचं सांगतो.

नातेवाईक मृत्यू कळवतात त्या फॉर्मवर तारीख आणि वेळ असे दोन रकाने असतात. प्रवीणनं कॉपी-पेस्ट करताना ते जिवंत माणसानं भरायच्या फॉर्मवर टाकले. वर ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना! लोकांनी फोन करून आमचा उद्धार केला. बापूंनी मात्र चुपचाप भरले. यादीत तारीख दिसली ती येत्या मंगळवारची. मी घाबरून फोन केला.

"बापू, हे काय टाकलं?"

"रकाना होता, भरला. मंगळवार, दुपारी तीन."

"पण कायले?"

"मागच्या टायमाले तुमाले उशीर झाला ना? म्हणून आगाऊ कळवून ठेवलं. टपाल वेळेवर पोचलं पाह्यजे." आणि हसले.

हसण्यावारी न्यायची हिंमत माझ्यात नव्हती. मंगळवारी अकरालाच आम्ही तिघं किन्हीराजात हजर! सविताताईंनी डोळे न्यायची पेटी गाडीतच ठेवली. काय सांगून आत न्यायची? बापू ठणठणीत. "जयभीम, या या!" सुनेनं पिठलं-भाकरी केली. तीन वाजले. आम्हा तिघांचे डोळे घड्याळावर. सव्वातीनला बापूच म्हणाले, "तुमचं ॲप स्लो हाय बे प्रवीण!" असे हसलो, असे हसलो! चारला निघालो. बापू रस्त्यापर्यंत सोडायला आले. "उगाच तुमचा दिवस मोडला," म्हणाले. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आठला दुकानात बसलो होतो. म्हटलं, ती बापूंची नोंद आधी काढून टाकू. नोंद पूर्ण उघडली. तारीख आजची. वेळ: रात्री साडेआठ.

"प्रवीण, बापू तं तीन म्हणाले होते!"

प्रवीणनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सर्व्हर विलायतेच्या घड्याळावर चालतो. आपण तीन भरले की तो तिकडचे तीन समजतो आणि आपल्याला साडेपाच तास पुढची वेळ दाखवतो. "बग हाय, गजूभाऊ," तो म्हणाला. "साधा बग हाय."

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं. बापूंना फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगू त्यांना? कोणालाच काही न कळवता सविताताईंना घरून उचललं आणि निघालो.

पोचलो तेव्हा आठ पस्तीस. दारात सून रडत होती. पाच मिनिटांपूर्वीच, बोलता बोलता. गावातले डॉक्टर आले, तपासलं, हार्टच म्हणाले. सविताताईंनी डोळे घेतले. दोन्ही. पुढच्याच आठवड्यात ते दोन माणसांना बसवले.

मी मात्र खोलीत शिरल्या शिरल्या पाहिलं होतं. बापूंच्या डोक्याखाली दोन उशा होत्या, पंखा बंद होता आणि उशाशी वाटीत ओला कापूस होता. डोळे सुकू नयेत म्हणून हे सगळं माणूस गेल्यावर करायचं असतं. मी सुनेला म्हटलं, "वहिनी, बरं केलं तुमी, सगळं ध्यानात ठेवलं."

"मी नाई जी," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर त्यांनीच केलं. मी म्हणलं, मामा, एवढ्या गरमीत पंखा काहून बंद केला? तं घड्याळाकडं पाहून म्हणे, 'आठ वाजून पाच झाले. पोरं निंगाले असतीन.'"