नायट्रोजनवरही वायू आला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये? अंधेरीच्या लॅबमध्ये माझ्या गाइडना मात्र त्याचा एकच उपयोग होता, मला गप्प बसवायला. "इथपर्यंत आलीस ना? मग आभार मान," असं ते चारचौघांत म्हणायचे.

आमचं काम कार्बन डायऑक्साइडवर. पाण्यात आम्ही बनवलेली पिवळी पावडर घालायची, त्यात हा वायू सोडायचा, वरून दिवा मारायचा. प्रकाशाच्या जोरावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड व्हायला हवा, तो पुढे इंधन बनवायला चालतो. माझ्या पावडरीने भरभरून दिला. सर खूश. पेपर तयार, त्यात पहिलं नाव माझं. माझी पीएचडी त्याच पेपरवर अडली होती.

मला तो आकडा पचेना. ओव्हन कधी रिकामा नसायचा, म्हणून अल्कोहोलने धुतलेली पावडर आमच्याकडे सगळेच अर्धवट वाळवून वापरायचे. मी कार्बन डायऑक्साइड बंद केला, त्याजागी नायट्रोजन सोडला, त्यात कार्बन नसतोच. बाकी सगळं तेच. दिवा लावला. कार्बन मोनॉक्साइड आला, आणि तेवढाच आला. म्हणजे आमचा सगळा कार्बन पावडरीला चिकटलेल्या अल्कोहोलमधला होता.

सरांना दाखवलं.

"हे करायला तुला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही, सर. आधीच करायला हवं होतं."

"जगात कोणी विचारणार नाहीये."

"मी विचारतेय ना."

"घरात कोणी शिकलेलं नसलं की हे असं होतं. कुठे थांबायचं ते कळत नाही."

तिथे बसलेला सीनियर हसला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "वाट लावलीस यार स्वतःची. डिग्री घे ना गुपचूप, मग कर हरिश्चंद्रगिरी."

"तुझी अशीच आलीय काय रे?"

त्याचं हसू गेलं.

मी पेपरवरून माझं नाव काढायला सांगितलं. सरांनी लगेच काढलं, पावडर ठेवून घेतली. पेपर छापून आला, पहिलं नाव सीनियरचं.

मी गाइड बदलला आणि मुळापासून सुरुवात केली. आता पावडर नीट भाजून घेते. कार्बन मोनॉक्साइड इतका कमी येतो की मशीनवर जेमतेम दिसतो. नायट्रोजनवर मात्र अजिबात येत नाही. डिग्री अजून लांब आहे.

सर त्याच कॉरिडॉरमध्ये समोरून येतात. मी बाजूला होत नाही. त्यांनी व्हावं.