कूलरपुढचं सिमला

आज कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली. पहिलं पाणी पडताच खोलीभर ओला वास पसरला आणि मला लॉकडाऊनमधली मे महिन्याची एक दुपार आठवली.

आईबाबांनी तेव्हा सिमल्याची तिकिटं काढली होती. केळझरची शेती सोडून दोघांनीच कुठं जाण्याची ती पहिलीच वेळ. आईनं त्यासाठी जांभळा स्वेटर घेतला होता. मग गाड्याच बंद झाल्या. ज्या दिवशी निघायचं होतं, त्या दुपारी बाहेर ऊन भाजत असताना आई स्वेटर घालून कूलरपुढे जाऊन बसली.

बाबा दारातच थबकले. त्या दिवसांत ताप म्हटलं की कोरोनाच वाटायचा.

"काऊन वं, ताप आला काय तुले?"

"ताप नाई. सिमल्यात आहो मी."

तरी बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड आहे हे कळल्यावरही तो बराच वेळ तिथंच होता. तेव्हा मी नुसती हसत होते. तो हात मला आता दिसतो.

मग त्यांनी कपाटातून कानटोपी काढून घातली आणि तिच्या शेजारी बसले.

"बरफ पडून राह्यला काय वं?"

"पडून राह्यला. जवळ सरका."

दोन वर्षांनी हिवाळ्यात ते खरंच सिमल्याला गेले. तिथून आईचा फोन आला.

"बरफ पाह्यला वं. पण तुहे बाबा जो भेटला त्याले सांगून राह्यले, आमी दुसऱ्या खेपेले आलो म्हणून!"