लेकीच्या वाटणीचं पाणी

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही सांगली सोडली. माझे मालक सुतार. आफ्रिकेत मोंबासाला सुताराला बारमाही काम आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आगबोटीत जागा मिळेना, म्हणून त्यांनी मुंबईहून निघणारं शिडाचं गलबत ठरवलं.

निरोप घ्यायला साताऱ्याला माहेरी गेले, तर आबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "जावयाला जायचं तर जाऊ दे. तू बी जा. पर लेकरं हितं ठेव. त्यांना कुणी इचारलंय का, समुद्रावर येता का म्हनून?"

लेक सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. त्यांना सोडून राहायची माझी छाती नव्हती. आबांना मी उलटून बोलले. म्हणजे हट्ट मालकांचा एकट्याचा नव्हता, माझाही होता.

पहिले पंधरा दिवस वारा चांगला लागला. मग तो पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. पाचव्या दिवशी नाखव्यानं पाण्याच्या पिंपाला कुलूप घातलं आणि माणशी दोन लहान तांबे पाणी ठरवून दिलं, एक सकाळी, एक दुपारी. त्यातच मुलाला हगवण लागली. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले. रडायचा, पण डोळ्यांत टिपूस नसायचं.

"गलबत माघारी फिरवायला सांगा," मी मालकांना म्हणाले.

"वारा न्हाई तर फिरवणार कशानं?"

"मग पाणी तरी मागा."

ते नाखव्याच्या पाया पडले. नाखवा म्हातारा होता, वाईट नव्हता. म्हणाला, "चाळीस माणसं आहेत. एकाला जास्त दिलं तर उद्या सगळी पिंपावर तुटून पडतील."

मालक आपलं पाणी मुलाला देऊ लागले, मीही देऊ लागले. तरी ते पुरेना. तेव्हा लेकीनं आपला तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"आई, मला तहान न्हाई. त्याला दे."

तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं. ती खोटं बोलतेय हे मला दिसत होतं. तरी मी तांब्या घेतला. तळाशी दोन घोट ठेवून परत दिला, तर ती म्हणाली, "एवढं पुरं." असं चार दिवस चाललं. एकदाही मी तिला 'तू पी' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती प्यायली असती, आणि माझा मुलगा गेला असता.

पाचव्या दिवशी दुपारी शीड फडफडलं. मुलाची हगवणही थांबली, पण पिंपाचं कुलूप शेवटपर्यंत निघालं नाही. त्यानंतर तेरा दिवसांनी आम्ही मोंबासाला उतरलो, चौघंही जिवंत. धक्क्यावर नळ होता. लेक तिथं प्यायला लागली ती थांबेना. प्यायलेलं सगळं ओकली आणि पुन्हा नळाला तोंड लावलं. मी तिला ओढलं, तशी ती हुंदके देऊन रडू लागली. सगळ्या वाटेत ती रडली नव्हती.

"आता कशाला रडतीस? पोचलो की," मालक म्हणाले.

मुलगा आता मोठा झाला आहे. आपण दीड वर्षाचे असताना शिडाच्या गलबतातून आफ्रिकेला गेलो, हे तो अभिमानानं सांगतो. लोक कौतुकानं माझ्याकडं बघतात. अशा वेळी लेक उठून आत जाते. तिच्यामागं जावं आणि एकदा तिची माफी मागावी, असं दरवेळी मनात येतं. अजून जमलेलं नाही.