उघड्या तोंडाचा आठ

परीक्षार्थी: स्त्री. वय: एकोणीस वर्षे पूर्ण. बांधा किरकोळ. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन टेकून पडलेला घट्टा. शाखा विज्ञान, वर्ष दुसरे. बैठक क्रमांक 107368. विषय संख्याशास्त्र, पेपर दुसरा. उपस्थित. गुण अठ्ठावन्न. उत्तीर्ण.

विद्यापीठाने एवढी माहिती शिक्क्यासह छापून परीक्षा विभागाबाहेरच्या काचेच्या फळ्यात लावली, आणि ती वाचून सदर परीक्षार्थीने बैठक क्रमांक बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला. कारण तो पेपर तिने दिलाच नव्हता.

वसतिगृहात तिला पाटी म्हणत. वडील दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवतात, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि वसतिगृहात पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट पदवीपर्यंत पुरते. तिला त्याचं वाईट वाटत नसे. त्या विद्यापीठात तीस हजार विद्यार्थी होते. गाव म्हणावं तर त्याच्या कुंपणाबाहेर उरलेली जागा. तिथला निम्मा समाज खोल्या भाड्याने देई आणि उरलेला झेरॉक्स काढी. एवढ्या गर्दीत आपल्याला कुणी काहीतरी म्हणतं, हेच पुष्कळ होतं.

पेपरच्या दिवशी पाटी वीस मिनिटं आधी पोचली होती. अभ्यास झाला होता, हीच पंचाईत होती. ज्याचा अभ्यास झालेला नसतो त्याला एकच भीती असते. ज्याचा झालेला असतो त्याच्याकडे काय काय विसरेल याची यादीच असते. परीक्षा तिसऱ्या मजल्यावर होती. ती दोन पायऱ्या चढली आणि तिसऱ्या पायरीला पाय उचलेना. मागून येणारी मुलं "सरक गं" म्हणत वर गेली. घंटा झाली. मग ती खाली उतरली आणि जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, झाडू-बादल्यांच्या संगतीत तीन तास बसून राहिली. झाडणाऱ्या बाईंनी दोनदा पाय वर घ्यायला सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "बाळ, पोट दुखतंय का?" पाटीने मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सुटल्यावर ती गर्दीत मिसळून बाहेर पडली आणि सगळ्यांना म्हणाली, "बरा गेला." घरीही तेच सांगितलं. खरं काय ते निकाल सांगेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. दीड महिना ती "अनुपस्थित" या एका शब्दाची वाट बघत होती. आणि आले अठ्ठावन्न.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, चूक आहे, उद्या सुधारतील. दुसऱ्या दिवशी घरून आईचा फोन आला. शेजारच्या काकूंना सांगून झालं होतं, मामाला सांगून झालं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र तिला खरी भीती वाटू लागली. गुण आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी बसून तो पेपर लिहिला होता, तिच्या नावावर. कोण? आणि का?

तिची खोलीतली जोडीदारीण संशोधन करणारी होती. आठवं वर्ष चाललं होतं, विषय तीनदा बदलला होता, मार्गदर्शक दोनदा निवृत्त झाले होते. तिला सगळे आजी म्हणत. वसतिगृहाचे नियम तिला तोंडपाठ होते, कारण निम्मे तिच्यामुळेच केले गेले होते.

"आजी," पाटीने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "एखादीचा पेपर दुसऱ्याच कुणी लिहिला, तर काय होतं गं?"

"डमी म्हणतात त्याला. गैरप्रकार समिती बसते. तीन वर्षं बंदी."

"लिहिणारीला?"

"दोघींना. का गं, तुझ्या ओळखीत आहे का कुणी? मला प्रबंधासाठी हवीये."

"पण जिच्यासाठी लिहिला, तिने सांगितलंच नसेल तर?"

"तसं तर आजवर कुणीच सांगितलेलं नाही," आजी म्हणाली. "समितीपुढे येतात त्या सगळ्या गाईसारख्या गरीब असतात."

पाटीने त्याच सदऱ्याची घडी तिसऱ्यांदा घातली.

त्यानंतर तिला पावलं ऐकू येऊ लागली. भोजनगृहात पाठीमागे कुणी उभं राहिलं की घास तोंडात फिरे. एका दुपारी कार्यालयाचा शिपाई लखोटा घेऊन मजल्यावर आला आणि एकेका दारावरचा नंबर वाचत पुढे सरकू लागला. एकशे नऊ. एकशे दहा. एकशे बारापाशी तो थांबला. त्याने ठोठावायच्या आधीच पाटीने दार उघडलं. लखोट्यात लिहिलं होतं की खोलीत पाणी तापवायची सळई वापरल्याचं निदर्शनास आलं आहे. सळई आजीची होती. पाटीने तो कागद दोनदा वाचला आणि मग खाटेवर बसली.

निकालाच्या दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत होती. बाराव्या दिवशी ती परीक्षा विभागात गेली. बोलायला नाही, नुसती बघायला. निखारा विझला की नाही ते लांबून बघावं तशी.

खिडकीवर चष्मा कपाळावर चढवलेले कारकून होते. त्यांच्यासमोर निळ्या दप्तराची एक मुलगी उभी होती.

"मी होते हो सर," ती म्हणत होती. "संख्याशास्त्राला. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. माझ्यामागचा चौथा बाक रिकामा होता, तेवढंसुद्धा आठवतंय मला."

"रिकाम्या बाकाची साक्ष चालत नाही, ताई. यादीत अनुपस्थित आहात."

"वर्ष जाईल माझं."

"अर्ज लिहा. नाव, वर्ष, बैठक क्रमांक. खाडाखोड नको."

पाटी खांबाला टेकून उभी होती. तो रिकामा बाक तिचा होता; जिन्याजवळ लावलेल्या आसनतक्त्यात तिने तो पाहिला होता. मुलीने कट्ट्यावर कागद ठेवून अर्ज लिहायला घेतला आणि पाटीची नजर तिच्या पेनावर खिळली. मुलगी भराभर आकडे काढत होती, सगळे इंग्रजी: 1, 0, 7, 3, 6. आणि सहावा आकडा तिने मराठीत काढला. ४. तिला ते कळलंही नाही. ज्यांनी पाढे एका लिपीत पाठ केले आणि गणितं दुसऱ्या लिपीत सोडवली, त्यांच्या हातून असं होतं; घाई असली की हात माहेरी जातो.

तिने चाराचं डोकं जवळजवळ मिटवून टाकलं होतं.

पाटीला लहानपणीची अंगणातली दुपार आठवली. अण्णा गाडीचा नंबर रंगवत होते आणि ती डबा धरून बसली होती. "चाराचं तोंड उघडं ठेवायचं, पोरी," ते म्हणाले होते. "मिटलं की आठ होतो. मग गुन्हा एकाचा आणि पोलीस दुसऱ्याच्या दारात."

कारकुनांनी अर्ज घेतला, चष्मा खाली ओढला, क्रमांक वाचला आणि यादीवर बोट फिरवलं. बोट अडुसष्टवर थांबलं. "अहो, हा क्रमांक तर उत्तीर्ण आहे. अठ्ठावन्न गुण. तक्रार कसली करताय?"

"पण फळ्यावर तर..."

"फळा बघताना ओळ चुकते लोकांची. आमची नाही चुकत." त्यांनी अर्जावर 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' असा शिक्का मारला आणि जेवणाच्या सुट्टीसाठी खिडकी लावली.

मुलीने अर्ज परत घेतला. मग तिने शिक्का पुन्हा वाचला, कागद छातीशी धरला आणि पाटीकडे बघून हसली. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "जीव टांगणीला लागला होता." निळं दप्तर उड्या मारत फाटकाबाहेर गेलं.

आता तीस हजारांत ही गोष्ट पाटीला एकटीलाच ठाऊक होती. डमी कुणी नव्हतं. त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर एक मिटलेला चार होता. तीन दिवस गप्प बसलं की पाटी तिसऱ्या वर्षात जाणार होती, खोली एकशे बारा तिची राहणार होती, आणि ती हसणारी मुलगी प्रवेशाच्या दिवशी रांगेत उभी राहून कळल्यावर काय करणार होती, ते बघायला पाटीने तिथे असायचं काही कारण नव्हतं. उलट बोललं, तर स्वतःचं वर्ष जाणार. आणि समितीने विश्वास ठेवला नाही तर तीन.

तेराव्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. चौदाव्या दिवशी तिने अण्णांना फोन लावला. मागे रंगाचे डबे ठेवल्याचा आवाज येत होता.

"अण्णा, मी तो पेपर दिला नाही."

"कुठला?"

"अठ्ठावन्नवाला. ते दुसरीचे आहेत. तिने चार काढला, यांनी आठ वाचला."

"तोंड मिटलं असेल," अण्णा म्हणाले. धंद्यातली गोष्ट त्यांना लगेच कळली. मग दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ गेला. "मग तू कुठे होतीस?"

"जिन्याखाली."

"कशाला?"

"भीती वाटली."

ब्रश डब्याच्या काठावर निपटल्याचा आवाज आला.

"किती वेळ बसलीस?"

"तीन तास."

"पाणीबिणी प्यायलीस का?"

"टाकी होती शेजारी."

"बरं," अण्णा म्हणाले. "आईला मी सांगतो. तेवढं सोपं काम मी घेतो. तू खिडकीवर जा. आणि आकडा स्वच्छ लिही."

पंधराव्या दिवशी ती खिडकीसमोर उभी राहिली. इथे पायऱ्या नव्हत्या. तिने कट्टा धरला.

"सर, मी परीक्षेला नव्हते."

कारकुनांनी यादी बघितली. "आहात."

"नव्हते, सर."

"ताई, इथे लोक मी होतो म्हणून भांडायला येतात. तुम्ही उलट्या दिशेने का आलात?"

तिने दोन आकडे शेजारी शेजारी काढून दाखवले. एक ४, एक 8. मग चाराचं तोंड मिटवलं. कारकुनांनी कागद उजेडाकडे धरला. चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

"म्हणजे चूक आमची, असं म्हणायचंय तुम्हाला."

"चाराची, सर."

हे त्यांना पटण्यासारखं होतं. "बरं. मग गैरहजर असल्याचा पुरावा आणा."

"गैरहजर असल्याचा पुरावा कसा आणणार?"

"हजर असल्याचा मागतो तसाच. कागदावर."

प्रकरण गैरप्रकार समितीकडे गेलं. समितीत तीन सदस्य होते. मधल्यांनी विचारायचं, डावीकडच्यांनी लिहायचं, उजवीकडच्यांनी घड्याळ बघायचं, अशी वाटणी होती. कपाटातून उत्तरपत्रिका काढली गेली. अक्षर तिचं नव्हतं. उपस्थितिपत्रक काढलं गेलं. त्यावर चौसष्टची सही होती आणि अडुसष्टच्या चौकटीत तांबडी रेघ. हे दोन कागद आजवर एकमेकांना भेटले नव्हते, कारण ते दोन वेगळ्या मजल्यांवर राहत.

"परीक्षेच्या वेळी आपण कुठे होतात?" मधल्यांनी विचारलं.

"जिन्याखाली."

"कुणी पाहिलं?"

झाडणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या हातातला झाडू दाराबाहेर टेकवून आत आल्या. "होती की," त्या म्हणाल्या. "आधीपासून होती. दोनदा पाय उचलायला लावले मी. घाबरलेलं पोर होतं, मी म्हटलं बसू दे."

"हे समितीच्या कक्षेत येत नाही," उजवीकडचे म्हणाले. डावीकडच्यांनी बाईंचं बोलणं लिहिलं नाही.

तीन वर्षांची बंदी आली नाही. बाहेर पडल्यावर पाटी परीक्षेच्या त्याच जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. वरून निळं दप्तर खाली येत होतं. त्या मुलीला काहीच कळलेलं नव्हतं, आणि पुढे दुरुस्त गुणपत्रक हाती आल्यावरही, आपण आधीच पास होतो, असंच ती समजणार होती.

"सरकतेस का जरा?" ती म्हणाली.

पाटी सरकली.

खोली एकशे बारा तिने आठवड्याने सोडली. आजीने सळई कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत घातली. "परत येशील तेव्हा घेऊन ये," ती म्हणाली. "मी इथेच असणार, त्याची काळजी नको." पुढच्या सत्रात तो पेपर पुन्हा होता. घरी अण्णांनी तिला नंबर रंगवायला बसवलं. चार ती चांगला काढते, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. परीक्षेचा जिना मात्र तिच्या स्वप्नात रोज एकेका पायरीने वाढत होता.

समितीचा आदेश मागाहून टपालाने आला. त्यात तीन कलमं होती. एक: बैठक क्रमांक 107364, उपस्थित, गुण अठ्ठावन्न, उत्तीर्ण. दोन: बैठक क्रमांक 107368, अनुपस्थित, तृतीय वर्षास प्रवेश नाही. तीन: सदर परीक्षार्थी परीक्षेच्या दिवशी परीक्षा केंद्रावर आलेलीच नव्हती, असे समितीचे एकमताने मत झाले आहे.

ती वीस मिनिटं आधी आली होती.