फुगा नदीवर आणि डोंगरावर

“हे कुठलं? महाबळेश्वर?” राणेसाहेबांनी फोटो हातात घेऊन विचारलं.

“नाही सर. महाळुंग्याच्या बाजूची टेकडी. आपल्या नव्या प्लॉटच्या मागची.”

“आपल्या?” त्यांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला. “मग यात आपली कंपनी कुठाय?”

कंपनी त्यात नव्हती. मी आणलेल्या एकाही फोटोत नव्हती.

मी चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत प्रोजेक्ट विभागात आर्किटेक्ट आहे; राणेसाहेब माझे विभागप्रमुख. शेड कुठे उभी राहील, रस्ता कुठून जाईल, कंटेनर कुठे वळेल, हे कागदावर बसवणं माझं काम. तेव्हा कंपनीने शेजारचा प्लॉट घेतला होता आणि त्यावर हाय-बे गोदाम बांधायचं होतं. हाय-बे म्हणजे आडवं न पसरता वर चढणारं गोदाम. आत उंच रॅक असतात आणि माल आपोआप चालणाऱ्या क्रेन ठेवतात. माणसं फारशी लागत नाहीत, म्हणून खिडक्याही नसतात. बाहेरून पाहिलं तर एक उंच, लांब, राखाडी भिंत.

ही भिंत टेकडीवरच्या म्हसोबाच्या ओट्यासमोर येत होती. ओट्यावरून डावीकडे नदीचं वळण दिसायचं, उजवीकडे डोंगर. ड्रॉइंगप्रमाणे दोन्ही भिंतीआड जाणार होतं. म्हणूनच मी ते फोटो राणेसाहेबांकडे नेले होते.

तो ओटा मला सुधीरने दाखवला. सुधीर आमच्या क्वालिटी विभागात होता. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. घरचे सगळे शाळा-ऑफिसात, त्यामुळे गुरुवार आमचा स्वतःचा. तो, मी आणि मेंटेनन्सचा भालेराव असे तिघं कॅमेरे घेऊन निघायचो. हिवाळ्यात पहाटे त्या वळणावर धुकं साचतं. ते पाण्यावरून आधी उठतं आणि काठावर थोडा वेळ रेंगाळतं, तेव्हा फक्त वळणाची रेघ उघडी पडते. सुधीरला तेवढा एक फोटो हवा होता. धुकं कधी लवकर उठायचं, कधी उठायचंच नाही. “पुढच्या गुरुवारी,” तो म्हणायचा आणि थर्मासचं झाकण लावायचा.

सुधीर गेला त्याला वर्ष होत आलं होतं. हृदयविकार. गोदामाचं ड्रॉइंग त्यानंतर माझ्या टेबलावर आलं.

आमच्या फोटोग्राफीचा एक नियम होता: फ्रेम स्वच्छ हवी. विजेचा खांब नको, पत्र्याची शेड नको, माणूस नको. कंपनीची बस खालच्या रस्त्यावरून जाईपर्यंत आम्ही थांबून राहायचो. कामावर मी नेमकं उलटं शिकवते. साइटच्या फोटोत गेट, खांब, उभा माणूस, काहीतरी ओळखीचं हवंच. नाहीतर जागा कळत नाही आणि मापही कळत नाही. असा फोटो ज्युनियरने आणला तर मी त्याला परत पाठवते. गुरुवारी मात्र तिघांपैकी एकालाही हे आठवलं नाही.

“मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” राणेसाहेब म्हणाले. “पण वरच्यांना हे दाखवलं तर म्हणतील, मॅडम सहलीचे फोटो कशाला दाखवतायत? गोदाम झाल्यावर तिथून काय दिसणार, ते दाखवा. लेआउट फ्रीझ व्हायच्या आत.” लेआउट फ्रीझ झाला की भिंत वीतभरही हलत नाही. सगळ्या ऑर्डर त्यावर निघतात.

मी कॉम्प्युटरवर चित्र करायला बसले. भालेराव मागे येऊन उभा राहिला. तो लातूरकडचा.

“मॅडम, काय करायलाव?”

“गोदाम फोटोत बसवतेय.”

“कॉम्प्युटरवरचं कोण खरं मानायलंय? फुगा सोडू.”

त्याने शोरूमच्या उद्घाटनाला वर सोडतात तसला मोठा लाल फुगा भाड्याने आणला. गोदामाची जितकी उंची, तितकीच दोरी. प्लॉटच्या कोपऱ्यात बांधला की भिंत कुठवर येणार ते कुणालाही दिसेल. राणेसाहेबांनी सेफ्टीची परवानगी काढून दिली. गुरुवारी सकाळी वारा पडलेला असताना फुगा वर गेला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: भव्य शुभारंभ.

मी ओट्यावर पोचले तेव्हा बबनतात्या आणि आणखी दोघं गावकरी तिथे बसले होते. तात्यांची खालची जमीन केव्हाच कारखान्यांत गेली. म्हसोबाचा दिवा अजून तेच लावतात.

“ताई, कसला शुभारंभ हाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तात्या उठून उभे राहिले. आधी नदीकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

“एवढं उंच?”

“हो. आणि तिथपासून तिथपर्यंत लांब.”

मग मी त्यांना टॅबवर सुधीरचे फोटो दाखवले. का दाखवले ते मलाही नीट सांगता येणार नाही. कदाचित कुणालातरी दाखवायचे होते म्हणून.

“लई भारी,” तात्या म्हणाले. एकेक करत सगळे बघितले. “पन ताई, ह्यात आमी कुठं हाय? ओटा न्हाई, लिंब न्हाई, मानूस न्हाई. हितं कुनी येतच न्हाई असं वाटतंय.”

“तात्या, तुमी आला असता तर फोटू काळा पडला असता,” शेजारचा म्हणाला.

“गप रं. तुज्या लग्नाच्या फोटूत काय उजेड पडला व्हता?”

सगळे हसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने तात्या बाजूला व्हायची वाट पाहू लागले. मग लक्षात आलं आणि बटण दाबलं. ओटा, लिंब, हसणारे तिघं, विजेच्या तारा, आमच्या कंपनीची निळी छपरं आणि नदीवर आलेला लाल फुगा. मग भालेरावने फुगा दुसऱ्या कोपऱ्यात नेला. आता तो डोंगरावर आला, तसाही एक फोटो घेतला.

मीटिंगमध्ये राणेसाहेबांनी हे दोन फोटो स्क्रीनवर लावले. प्लांट हेड बराच वेळ बघत राहिले.

“ही माणसं रोज येतात तिथे?”

“रोज, सर. संध्याकाळी जास्त.”

“आणि ही आपली छपरं?”

“हो.”

गोदाम रद्द होणार नव्हतं, तशी मी अपेक्षाही केली नव्हती. पण ते फिरवता येत होतं. लांब बाजू ओट्याकडे होती, कारण कंटेनर त्या बाजूने लागणार होते. इमारत काटकोनात वळवून ओट्याकडे अरुंद बाजू करायची, तर कंटेनरच्या वळणाला जागा काढावी लागत होती. रॅकची एक ओळ कमी करून मी ती काढली. राणेसाहेबांनी ड्रॉइंग पाहिलं.

“फिरवूया. पण अरुंद बाजूसुद्धा काही कमी नाही. डावीकडे सरकवली तर नदी जाईल, उजवीकडे सरकवली तर डोंगर. काय ठेवायचं? उद्या सांगा.”

संध्याकाळी मी ओट्यावर गेले आणि तात्यांना विचारलं.

“डोंगर ठेवा,” ते लगेच म्हणाले. “दीस त्याच्यामागं बुडतो. तो बुडाला की दिवा लावायचा, आमच्या बापापासनं हेच हाय. नदीचं काय, खाली उतरलं की दिसती.”

त्यांना सुधीर माहीत नव्हता. मीही सांगितला नाही. खूप वेळ बसले. दिवा लागला, तात्या घरी गेले. सकाळी मी गोदाम डावीकडे सरकवलं आणि लेआउट फ्रीझ झाला.

आता भिंत उभी आहे. संध्याकाळी ओट्यावर गर्दी असते, डोंगर जिथल्या तिथे आहे. एका गुरुवारी पहाटे मी आणि भालेराव नदीकाठी उतरलो. धुकं होतं, पाणीही होतं. वळण मात्र दिसत नव्हतं. काठावर उभं राहिलं की नदी सरळच दिसते. वळण दिसायला वर उभं राहावं लागतं.

“चहा घ्यायलाव का?” भालेरावने विचारलं. आम्ही चहा घेतला.

ज्युनियरांना मी आता दोन गोष्टी सांगते. फोटोत माणूस घ्या. आणि एखादी जागा वाचवायला निघालात, तर तिच्यातलं काय जाऊ द्यायचं तेही आपल्यालाच ठरवावं लागेल, हे धरून चाला. पहिली गोष्ट ते लिहून घेतात.