ज्वारीच्या डब्यातली लेन्स

लातूरच्या आमच्या घड्याळजीनं मला फसवलं. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, पण कॅमेरा उघडू शकणारा माणूस गावात अजून तो एकटाच. जुन्या कॅमेऱ्यात आकाशगंगा मावेना, म्हणून मी हैदराबादेत दोन तास घासाघीस करून नवी रुंद लेन्स आणली. परतीच्या एसटीत तिच्यात धूळ गेली आणि तिचं कडं फिरेना. ती मी त्याच्याकडे दुरुस्तीला टाकली.

हा माणूस नकार देतानाही आधी ‘हाव’ म्हणतो. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवतो, समोरच्या घड्याळाला सावकाश किल्ली देतो आणि मगच पुढं बोलतो.

“झाली का लेन्स?” मी विचारलं.

“हाव. पहिल्याच दिवशी झाली.”

“मग द्या की.”

त्यानं किल्ली दिली. “न्हाई देत, अप्पा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यानं निम्मे ढग पळाले. ही रुंद लेन्स सगळेच पळवंल. शिरूरच्या शेतात माझी तूर वाळून राहिली. पाऊस पडू द्या, मग न्या.”

“पाऊस आल्यावर मी फोटो कशाचे काढू?”

“ढगाचे काढा. कुणीच काढत न्हाई.”

मी ओरडलो, पोलिसांचं नाव काढलं. त्यानं मला चहा पाजला आणि ओल लागू नये म्हणून लेन्स ज्वारीच्या डब्यात खोल पुरली. असल्या दुष्काळात ओल!

याला चार महिने झाले. लेन्स त्याच्या डब्यात आहे आणि आभाळात तळहाताएवढा ढग नाही. मग आता पाऊस कोण अडवून राहिलंय, याचं उत्तर त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर द्यावं.