मॅचसाठी जपलेला आवाज

आमचा दादा दिवसा हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रू विकायचा आणि मॅच असली की संध्याकाळी स्टेडियममध्ये माइकवर बसायचा. शहराच्या बास्केटबॉल संघातले खेळाडू मैदानात उतरताना त्यांची नावं पुकारणं हे त्याचं काम. पुकारणं कसलं, आरोळीच ती. समोरच्या संघाची नावं वाचताना त्याचा सूर असा असायचा, की जणू कुणी त्याच्याकडून शिक्षा म्हणून वाचून घेतंय. आपल्या पोरांची मात्र एवढी ताणायचा की बाहेर तिकीटखिडकीत बसलेल्या मला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही.

आणि खरी नावं तो घ्यायचाच नाही. सीझनच्या आधी सरावाला जाऊन बसायचा, नवा पोरगा कसा धावतो, कसा पडतो ते न्याहाळायचा आणि मग आपल्या दुकानातलंच काहीतरी त्याच्या गळ्यात मारायचा. कॅप्टन म्हणजे बिजागरी, कारण तो एका पायावर दारासारखा गर्रकन फिरायचा. कुणाला पुढे जाऊ न देणारा तो कडी. दादानं पहिल्या मॅचला नाव पुकारेपर्यंत नवा पोरगा संघातला धरलाच जायचा नाही. भले त्यानं कागदावर सह्या केलेल्या असोत.

संघ तसा आमचा रडतराऊच. गेल्या सीझनला तळाला होतो, त्याच्या आधी तळाच्या जरा वर, त्याचाच आम्ही आनंद मानला होता. पण यंदा वारं फिरलं होतं. बिजागरीचा गुडघा बरा झाला होता, नवे कोच सरावात पोरांना क्षणभर टेकू देत नव्हते, आणि बाहेरून एक असा उंच पोरगा आणला होता की बसमधून उतरताना त्याला निम्मं व्हावं लागायचं. दादानं त्याला पाहिलं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, ही आपली शिडी. यंदा आपण वर जाणार.

नेमका तेव्हाच त्याचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी तपासलं. गाठ निघाली, वाईट निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. दादानं फक्त पहिल्या मॅचपर्यंतची सवलत मागितली. म्हणाला, "आजवर हरणाऱ्यांची नावं घेतली डॉक्टर. एकदा जिंकणाऱ्यांची घेऊ द्या."

डॉक्टर चिडले, पण मॅचच्या दुसऱ्या दिवशीची तारीख दिली. बजावलं, की तोवर बोलणं अगदी बंद, नाहीतर मॅचलाही काही उरणार नाही.

मी घरी येऊन आकांडतांडव केलं. पाच पोरं एका जाळीत बॉल टाकतात त्यासाठी तू जिवाशी खेळणार का, असं बरंच काही बोलले. वाटलं, वहिनी माझ्या बाजूनं उभी राहील. कसलं काय! ती बाई दादापेक्षा वेडी. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिला कोण किती पॉइंट करणार याचे हिशेब सुचायचे. तिनं दादाचा आवाज आपल्या ताब्यातच घेतला म्हणा ना. त्यानं तोंड उघडलं रे उघडलं की ही ओठांवर बोट ठेवायची. "जपा हो. मॅचला लागेल. आपलं काय, मॅच झाल्यावर घरी येऊन पोटभर बोलू."

घर मुकं झालं. चहा हवा तर टेबलावर टकटक, दार लावायचं तर टाळी. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, यंदा काय होणार? दादा अंगठा वर करायचा. वहिनीला या सगळ्याची गंमत वाटायची. ती नकला करून दाखवायची आणि आम्ही तिघं हसायचो, दादा बिनआवाजाचा.

मॅच आली. दादानं असं पुकारलं, असं पुकारलं, की काय सांगू. बिजागरी, कडी, आणि शेवटी शिडी. ते नाव त्यानं छातीतलं होतं नव्हतं ते काढून ताणलं. मी खिडकी बंद करून आत धावले होते. तो उंच पोरगा मैदानाच्या मध्यावर थांबून वर माइककडे बघत राहिला. आम्ही जिंकलो. लोक दादाला मिठ्या मारत होते.

घरी आल्यावर वहिनीनं त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता बोला." दादानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सकाळी आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं.

दादा वाचला. संघ जिंकत सुटला, आता पहिल्या नंबरवर आहे. माइकवर नवी मुलगी आलीय, दादानं ठेवलेलीच नावं पुकारते, बरी पुकारते. दादा गळ्याला रुमाल बांधून जाऊन बसतो. वहिनी मात्र परवाच्या मॅचला आत गेलीच नाही. माझ्या खिडकीत, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. मी विचारलं, काय झालं?

तिनं माझ्यापुढचा तिकिटांचा गठ्ठा नीट लावला. मग म्हणाली, मॅचच्या आठवड्यात एकदा ती मशीनवर होती, तेव्हा दादानं दारातून हाक मारली होती, "अगं". एवढंच. हिनं वळून ओठांवर बोट ठेवलं. तो हसला आणि निघून गेला. त्यानंतर त्याचा आवाज तिनं ऐकला तो स्टेडियममध्येच, सगळ्यांबरोबर. आता मॅचला निघताना तिनं त्याला विचारलं, त्या दिवशी काय सांगायचं होतं? त्यानं खूप आठवून पाहिलं आणि हात हलवून सांगितलं, नाही आठवत.

मी म्हणाले, काही मोठं नसेल गं वहिनी. टॉवेल मागत असेल.

"टॉवेलच मागत असतील," ती म्हणाली. "मागू द्यायला हवा होता."